बाबांचं बारीक होत गेलेलं अक्षर

बाबांचं अक्षर लहान व्हायला लागलं तेव्हा मला वाटलं, बाबा घाबरले.

दुसऱ्या एखाद्या घरात चष्म्याचा नंबर तपासला गेला असता. आमच्या घरात अक्षराचा संबंध थेट हिमतीशी होता आणि तो बाबांनीच लावून दिलेला होता.

आजोबा गिरणी कामगार. गिरणी सुटल्यावर ते घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या आमच्या या चाळीत राहायला आले. येताना एक पत्र्याची ट्रंक आणली, तिच्यात संपाच्या दिवसांतली पत्रकं होती. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. वह्यांना कव्हरंसुद्धा उरलेल्या पत्रकांचीच असायची. माझ्या गणिताच्या वहीवर ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ असं छापलेलं होतं आणि त्यावरून वर्गात पुष्कळ दिवस माझी चेष्टा चालली होती.

बाबा मरोळला एका कारखान्यात लेथवर काम करायचे आणि युनियनची पत्रकं लिहायचे. दर रविवारी सकाळी मात्र ते चाळीच्या तोंडाशी, रिक्षास्टँडला लागून असलेला काळा फळा लिहायचे. पाणी कधी येणार नाही, रेशनवर काय आलंय, पोलिओचा डोस कुठे देतायत, कुठल्या कारखान्यात माणसं काढली. लिहिण्याआधी रेषा मारायच्या. त्याची त्यांची एक पद्धत होती. खडूच्या भुकटीत घोळलेली सुतळी असायची. तिचं एक टोक मी धरायचं, दुसरं ते धरायचे, मधोमध चिमटीने ओढून सोडून द्यायचे. फळ्यावर सरळ पांढरी रेष उमटायची. दोन रेषांत अंतर त्यांच्या पंजाएवढं. अक्षर वरच्या रेषेपासून खालच्या रेषेपर्यंत भरलंच पाहिजे. रस्त्याच्या त्या बाजूने जाणाऱ्याला थांबावं न लागता वाचता आलं पाहिजे.

मी सातवी-आठवीत असताना कारखान्याने एक कराराचा कागद काढला होता. बाबांनी तो घरी आणून मला शेवटच्या ओळी वाचायला लावल्या. मुंगीएवढ्या अक्षरात होत्या, मला वाचता येईनात. बाबा म्हणाले, “लक्षात ठेव. बारीक अक्षर कोण लिहितो? ज्याला वाटतं लोकांनी वाचू नये तो. एक तर तो लबाड असतो, नाहीतर भित्रा.”

मी लक्षात ठेवलं. त्यांनी सांगितलेलं सगळंच मी लक्षात ठेवत होते, हीच अडचण झाली.

मी कॉलेज संपवून एका छोट्या मासिकात लिहायला लागले होते. बाबा तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. त्यांची ओळ फळ्यावर आता दोन रेषांच्या मध्ये तरंगायला लागली. सुरुवातीचं अक्षर भरलेलं, मग पुढचं त्याहून लहान, ओळीच्या शेवटी तर शब्द अंग चोरून बसल्यासारखे. स्टँडवरचा एक रिक्षावाला, बाबांच्या लाडातला, एकदा म्हणाला, “काका, खडू महाग झाला काय? भिंग आणून लावू का इथे, पब्लिकसाठी?” सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते आजकाल हसतच नव्हते. चेहरा असा ठेवायचे की समोरच्याचं त्यांना काही पटलंय की नाही हे कळू नये. पूर्वी भांडताना त्यांच्या भुवया त्यांच्या आधी बोलायच्या. आता त्या जागच्या हलत नव्हत्या.

याच काळात चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. बिल्डरचा माणूस संमतीचे कागद घेऊन फिरत होता. बालवाडीच्या खोलीत बैठक झाली. सगळ्यांना वाटत होतं, आता काका उठतील आणि त्याला फाडतील. बाबा उठले. बोलले. पण आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे गेला नाही. एका हाताने बोलत होते, उजवा हात पँटच्या खिशात. मागून कोणीतरी “मोठ्याने” म्हणालं. बाबांनी त्याच आवाजात तेच पुन्हा सांगितलं. बिल्डरच्या माणसाने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा, काकांनापण पटलंय.” बाबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. एक रागाची रेघ नाही चेहऱ्यावर.

मी घरी येऊन जेवले नाही. आई म्हणाली, त्यांना बरं नसेल. मी म्हटलं, बरं नसलेली माणसं खिशात हात घालून उभी राहत नाहीत. मला तो कारखान्याच्या कराराचा कागद आठवत होता, मुंगीएवढी अक्षरं आठवत होती. मी चोवीस वर्षांची होते आणि जगातल्या प्रत्येक माणसाने कुठल्या बाजूला उभं राहावं हे मला माहीत होतं.

त्या रविवारी बाबा फळा लिहायला गेले आणि मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. बैठकीबद्दलच होत्या, पण मला त्या वाचण्यासाठी फळ्याशी जावं लागलं. स्टँडवर दहा-बारा माणसं चहा पीत होती. मी बाबांच्या हातातून खडू काढून घेतला.

“घाबरला असाल तर घरी बसा, बाबा. असं लपवून लिहू नका.”

ते वाद घालतील अशी माझी खात्री होती. मला तो वाद हवा होता. त्यांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून सुतळीची गुंडाळी काढली, माझ्या हातात दिली आणि चढ चढून घरी गेले. सावकाश गेले. त्यांचा एक हात चालताना हलत नव्हता, हे मी पाठीमागून बघितलं आणि त्याचाही मला राग आला. मग मी त्यांच्या दोन ओळी पुसून माझ्या अक्षरात लिहिल्या. रेषेपासून रेषेपर्यंत.

आई आमची मालवणची. तिला वाद आवडत नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “बापाशीक असां बोलाचां नसतां.” एवढंच.

पुढे बिल्डरचा करार आपोआप बारगळला, त्याची कारणं वेगळी होती. फळा माझ्याकडे राहिला. बाबा रविवारी सकाळी दाराशी बसून पेपर वाचायचे. वाचायचे म्हणजे पेपर धरून बसायचे. पेपर फडफडायचा. आम्ही म्हणायचो, पंखा कमी करा.

आता मागे वळून बघते तर सगळं समोर मांडलेलं होतं. आईने गॅसवर सुके बोंबील भाजत ठेवले, बाबांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि ते जळून कोळसा झाले तरी शेजारी बसलेल्या बाबांना वास आला नाही. आईने त्यांना खूप बोल लावले. झोपेत ते लाथा झाडायचे, ओरडायचे. आम्ही हसायचो की दिवसा बंद केलेला मोर्चा रात्री काढतायत. आमटी ढवळायला वेळ, शर्टाची बटणं लावायला वेळ. खांदा दुखतो म्हणाले तर नाक्यावरच्या डॉक्टरने खांदा आखडलाय म्हणून सहा महिने मलम आणि शेक दिला. नातेवाईक म्हणाले, वय झालं. छप्पन्न हे वय झाल्याचं वय नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. पण मग काय झालंय, हे मी स्वतःला विचारलं नाही. माझ्याकडे उत्तर होतं. ते भ्यायलेत.

शेवटी निदान केलं ते नाक्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या माणसाने. आई बाबांची चप्पल शिवायला घेऊन गेली होती, तिसऱ्यांदा. त्याने दोन्ही चपला शेजारी ठेवून तिला दाखवल्या. उजव्या चपलेचा पुढचा भाग घासून पातळ झाला होता, डावी जवळपास नवी. तो म्हणाला, वहिनी, काका पाय ओढतात. मोठ्या डॉक्टरला दाखवा, चप्पल किती वेळा शिवणार?

महापालिकेच्या इस्पितळात बुधवारी दुपारी मेंदूच्या विकारांची ओपीडी असते. आम्ही तिघं गेलो. तपासणारी डॉक्टर माझ्याहून फार मोठी नव्हती. तिने बाबांना अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगितली, भरभर. डाव्या हाताची बोटं नीट आपटली. उजव्याची आधी मोठी उघडली, मग कमी, मग आणखी कमी, मग नुसती एकमेकांना चिकटून थरथरली. मनगट धरून हात फिरवून बघितला. व्हरांड्यात चालायला लावलं. मागे उभी राहून दोन्ही खांदे धरून एकदम मागे ओढलं, बाबा चार पावलं मागे गेले. मग तिने कोरा कागद पुढे केला. काहीही लिहा म्हणाली, एक वाक्य. बाबांनी लिहिलं, ‘आज बुधवार आहे आणि आम्ही दवाखान्यात आलो आहोत.’ ‘आज’ दिसत होतं. ‘आहोत’ दिसत नव्हतं.

“पहिल्यापासून अक्षर लहान आहे का यांचं?”

बाबा माझ्याकडे बघत होते. पापणी न लववता. आई म्हणाली, “नाय वो, ह्येंचां अक्षर येवढां मोठां होतां,” आणि तिने हात पसरून दाखवलं.

“कधीपासून लहान झालं? साधारण?”

ते मला माहीत होतं. साधारण नाही, नेमकं. कुठल्या विषयावरच्या फळ्यापासून ओळ तरंगायला लागली ते मी सांगू शकले असते. मी म्हटलं, दोन-अडीच वर्षं.

तिने पार्किन्सन हा शब्द उच्चारला, मग आईसाठी कंपवात म्हणाली. मेंदूतला एक रस कमी होत जातो, हालचालीची मापं त्यावर ठरतात. मग जे सांगितलं ते तिच्यासाठी रोजचं होतं. म्हणाली, त्यांना आपण लहान लिहितोय हे कळत नाही, हात नेहमीएवढाच हललाय असं वाटतं. आवाजाचंही तसंच. आपण नेहमीसारखं मोठ्याने बोलतोय असंच त्यांना वाटतं. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, म्हणून भाव दिसत नाहीत. आत सगळं असतं हां, फक्त बाहेर येत नाही.

आईने पदराने तोंड पुसलं. मी गोळ्यांच्या वेळा लिहून घेत होते. त्या दिवशीचं माझं अक्षरही कोणाला वाचता आलं नसतं.

मग दर दोन महिन्यांनी बुधवार. बाहेरच्या बाकावर सगळे आजाराच्या वेगवेगळ्या पायरीवर बसलेले. आम्ही नवे, म्हणून आम्हाला पुढचं सगळं समोर दिसत होतं. मुलुंडहून एक काका यायचे, बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या चार-पाच वर्षं पुढे. त्यांचा अंगठा तर्जनीवर सतत फिरायचा. म्हणायचे, “बघा, निवृत्त झालो तरी नोटा मोजतोच आहे.” बोरिवलीच्या एक शिक्षिका चाकाच्या खुर्चीतून यायच्या, त्यांच्या लाळेरुमालावर सुनेने भरतकाम केलेलं होतं. बाबा त्या बाईंकडे पाठ होईल असे बसायचे.

गोळीचं गणित आम्हाला मुलुंडच्या काकांनीच समजावलं. “गोळी म्हणजे नळाचं पाणी, समजलात? घेतल्यावर पाऊण तासाने येतं. आलं की सगळी कामं उरकून घ्यायची. आंघोळ, दाढी, बायकोशी भांडण. मग एकदम जातं. पहिल्यांदा दिवसभर असतं, नंतर धार बारीक होत जाते.” आमच्या चाळीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरात तेव्हापासून आम्ही तसंच म्हणायला लागलो. आई बाबांना विचारायची, इलां पाणी? बाबा मान हलवायचे.

एकदा ते मुलुंडचे काका ओपीडीच्या दारात अडकले. पाय जमिनीला खिळ्याने ठोकल्यासारखे. मागे रांग, वॉर्डबॉय ओरडतोय, चला आजोबा, चला. मी त्या वॉर्डबॉयला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, मात्र शांतपणे आपला पाय काकांच्या पावलांपुढे आडवा ठेवला. काकांनी खाली बघितलं, पाय उचलला आणि तो ओलांडून सरळ आत चालत गेले. काकू म्हणाल्या, सपाट जमिनीवर त्यांना पाऊल टाकता येत नाही, पण ओलांडायला काही दिलं की येतं. मेंदू कसा खुळा असतो बघ.

ते मी पाहिलं आणि विसरले. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मला बाबांना सांगायचं होतं की त्या रविवारी मी चुकले. हे आजारपण पुढेच सरकणार, आवाज आणखी जाणार, हे मला बाकावर बसून कळलेलं होतं. तरी प्रत्येक वेळी मी ते पुढे ढकललं. फळ्यावर मी कोणालाही काहीही सुनावत होते आणि चार फुटांवर बसलेल्या बापाला एक वाक्य सांगता येत नव्हतं. भित्रं कोण होतं ते उघड होतं.

दीड वर्ष गेलं. मग आमच्या स्वतःच्या उंबऱ्याशी बाबा अडकायला लागले. खाटेपासून मोरीपर्यंत जाताना मधेच थांबायचे, पावलं जागच्या जागी थरथरायची आणि शरीर पुढे कलायचं. एकदा पडले, कपाळाला टाके पडले. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, जमिनीवर पट्ट्या मारा. रंगीत चिकटपट्टी आणा, पावला-पावलावर आडवी लावा.

आमच्याकडे जुनी शहाबादी फरशी. पट्टी चिकटेना. तेव्हा मी सुतळी आणली. खडू कुटला, भुकटी केली. एक टोक आईच्या हातात दिलं, खाटेपासून सुरुवात केली. बाबा खाटेवर बसून बघत होते. गोळीला तासभर झालेला होता, पाणी आलेलं होतं. चौथी रेष मारल्यावर ते काहीतरी बोलले. मी जवळ गेले.

“अंतर चुकलं,” ते म्हणाले.

खरंच चुकलं होतं. मी फळ्याच्या सवयीने जवळ मारली होती. त्यांनी बोटाने दाखवलं, एवढं. मी पुसून पुन्हा मारली. मग ते उभे राहिले, खाली बघत पहिली रेष ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि माझे बाबा मोरीपर्यंत असे चालत गेले जसे ते कारखान्याच्या फाटकातून चालत यायचे. परत येऊन बसले. आई दारामागे जाऊन उभी राहिली.

मी जमिनीवरच बसले होते, हात खडूने भरलेले. तिथेच म्हटलं, “बाबा, त्या रविवारी मी तुमच्या हातातून खडू घेतला. सगळ्यांसमोर. मी म्हटलं तुम्ही घाबरलात. माझं चुकलं.”

त्यांचा चेहरा जसा होता तसाच. मला माहीत होतं तो तसाच राहणार, डॉक्टरने सांगितलेलं होतं, तरी मी तिथे काहीतरी शोधत बसले. मग ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. मी गुडघ्यांवर सरकत गेले आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“मलापण तसंच वाटलं,” बाबा म्हणाले. “हात कापायचा. मला वाटलं, मी घाबरलो.”

मग एकेक शब्द करत उरलेलं सांगितलं. बैठकीच्या कितीतरी आधीपासून हात थरथरत होता. अक्षर लहान होतंय हे लिहिताना कळायचं नाही, पण लिहून मागे सरकल्यावर दिसायचं. ते फळ्यासमोर उभे राहून आपलंच वाक्य आठवायचे, बारीक अक्षर कोण लिहितो. ते लबाड नव्हते हे त्यांना माहीत होतं. मग उरलं दुसरं. आयुष्यभर न भ्यायलेला माणूस आता कशाला भ्यायला, हे ते शोधत राहिले. बिल्डरला? पोलिसांना? नोकरी जाण्याला? सापडेना. कोणाला दिसू नये म्हणून हात खिशात घातला. डॉक्टरला सांगितलं नाही, कारण भीतीवर डॉक्टर काय देणार? आणि मग मी सगळ्यांसमोर तेच म्हणाले, तेव्हा त्यांना वाटलं, झालं, पोरीलाही दिसलं.

म्हणून त्यांनी वाद घातला नव्हता.

मी क्षमा मागायला बसले होते. आपण त्यांचा अपमान केलाय एवढंच मी धरून चालले होते. पण मी त्यांना त्यांच्याबद्दलचं एक खोटं पुराव्यानिशी पटवून दिलं होतं, आणि तो माणूस निदान होईपर्यंत आपण भेकड आहोत असं समजून दाराशी पेपर धरून बसला होता. माझे कान तेव्हा चाळीतल्या सगळ्यांसाठी उघडे होते, फक्त त्यांच्यासाठी नव्हते.

सगळ्यांसमोर केलेली चूक सगळ्यांसमोर दुरुस्त करायची, हाही नियम त्यांचाच. पुढच्या रविवारी मी भल्या सकाळी जाऊन फळा भरून लिहिलं. माझे वडील कधीच घाबरले नव्हते, त्यांना आजार होता, मी त्यांच्यावर खोटा आरोप केला, मी चाळीसमोर त्यांची माफी मागते. मग अकराच्या गोळीनंतर बाबांना हाताला धरून खाली आणलं. उतारावर मी त्यांच्यापुढे पाय आडवा ठेवत गेले, काकूंसारखा. स्टँडवरच्या लोकांनी जागा करून दिली. भिंगवाला रिक्षावाला मान खाली घालून उभा होता. त्याने फळा वाचला होता.

बाबांनी सगळा फळा वाचला. मग माझ्याकडे हात पुढे केला, डस्टरसाठी. मला समजेना. मी दिलं. त्यांनी पुसायला सुरुवात केली. सावकाश, हात लहान लहान फिरत होता.

“घरचं भांडण फळ्यावर नाही लिहायचं,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाजवळ वाकले होते म्हणून मलाच ऐकू आलं. “मला यातून काढ. आजाराची लक्षणं लिही.”

सुतळीचं एक टोक मी धरलं, दुसरं रिक्षावाल्याने. रेषा मारल्या. बाबांनी खडू मागितला. पहिली ओळ त्यांनी लिहिली, ‘अक्षर बारीक होत जातं’. पहिलं ‘अ’ रेषेपासून रेषेपर्यंत. ‘बारीक’ अर्ध्यावर आलं. ‘जातं’ लिहिताना त्यांचा हात फळ्याला टेकून नुसता थरथरत राहिला आणि तिथे एक पांढरा डाग तेवढा झाला. कोणी हसलं नाही. बाबा थोडे मागे सरकले, आपलं अक्षर बघितलं आणि खडू माझ्यापुढे धरला. मी तो घेत नाही हे बघून माझ्या हाताला लावला.

पुढचं मी लिहिलं, ते कानात सांगत होते तसं. वास येत नाही. आवाज लहान होतो. एक हात चालताना हलत नाही. चेहरा हसत नाही. एकच चप्पल झिजते. शेवटची ओळ सांगायला त्यांनी वेळ घेतला. ‘ही भीती नाही, आजार आहे. डॉक्टरला दाखवा.’

रिक्षावाल्याने मोबाइलवर फोटो काढला. देवनारला त्याची आई असते. वास पण जातो का, असं त्याने मला दोनदा विचारलं.

याला आता तीन वर्षं झाली. मुलुंडचे काका बाकावर दिसेनासे झाले. आम्ही कोणी चौकशी केली नाही, कारण त्या बाकावर ती करत नाहीत. पाण्याची धार आमच्याकडेही बारीक झाली. आधी चार तास, मग दोन, आता गोळी गिळणंच कठीण म्हणून ती पाण्यात विरघळवून चमच्याने देतो. बाबांना मधूनमधून कोपऱ्यात माणसं दिसतात. युनियनची असावीत, कारण ते आईला त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगतात. आई कधीकधी खरंच टाकते. ते काय बोलतात ते मला कान लावूनही कळत नाही. आत सगळं असतं, फक्त बाहेर येत नाही, हे वाक्य मी धरून बसले आहे. दर रविवारी फळ्यावर लिहायचं आधी त्यांना वाचून दाखवते. ते बघतात. फार लांबलंय की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

चालणं गेल्या दिवाळीपासून बंद झालं. त्याआधी रोज सकाळी मी फरशीवर रेषा मारायचे, कारण आई रोज लादी पुसायची आणि त्या जायच्या. आता मी मारत नाही. तरी खाटेपासून मोरीपर्यंत सगळ्या रेषा आहेत, शेवटच्या मारल्या तशाच. परवा मी आईला लादी पुसताना बघितलं. रेष आली की ती फडकं उचलते, पलीकडे टेकवते, पुढे सरकते.

मी म्हटलं, पुसलंस तरी चालेल आता.

“रवांदे,” आई म्हणाली.